भागाकाराचा ताळा

आमच्या आठवीच्या वर्गांत दर वर्षीं एक प्रसंग हटकून घडतो. फळ्यावर मोठा भागाकार घालून दिला, कीं उत्तर काढून वही मिटणारे विद्यार्थी पुष्कळ निघतात. उत्तर काढल्यावर ताळा पाहणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ताळा म्हणजे काय हें ठाऊक नाहीं असा विद्यार्थी वर्गांत नसतो. भाजकास भागाकारानें गुणावें, बाकी असल्यास मिळवावी, आणि भाज्य परत हातीं आलें म्हणजे गणित खरें उतरलें असें समजावें, ही रीति प्राथमिक शाळेपासून सर्वांस पाठ असते. परंतु एखादी गोष्ट पाठ असणें निराळें आणि ती पाळणें निराळें.

मागें एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, हातानें केलेल्या भागाकाराला ताळा पाहिजे हें कबूल, पण मोबाइलवर केलेल्या भागाकाराला ताळा कशाला? यंत्र थोडेंच चुकतें?" वर्गांत हशा पिकला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचें उत्तर तासाच्या शेवटच्या पांच मिनिटांत देतां येण्यासारखें नव्हतें, म्हणून तें ह्या वार्षिकांतून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. यंत्र चुकतें काय, चुकल्यास तें कसें ओळखावें, आणि ओळखल्यावर काय करावें, असे ह्या प्रश्नाचे तीन भाग आहेत.

प्रथम आपल्या जिल्ह्यांतलेंच उदाहरण घेऊं. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढें नगर जिल्ह्यांत असे कारखाने पुष्कळ झाले. गळीत हंगाम सुरू झाला, कीं उसानें भरलेल्या गाड्या व ट्रॅक्टर वजनकाट्यापुढें रांग धरून उभे राहतात. काट्यावर जो आंकडा उमटेल, त्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचें मोल ठरतें. आतां, काटा बरोबर आहे कीं नाहीं, हें त्या काट्यासच विचारून भागत नाहीं. काटा खोटा असेल तर तो दहा वेळां तोच खोटा आंकडा दाखवील. शंका आल्यास शहाणा मनुष्य तीच भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर नेतो. दोन्ही आंकडे जुळले तर चिंता मिटली. न जुळले, तर मात्र चौकशीस आरंभ होतो: पहिला काटा खोटा, कीं दुसरा खोटा, कीं वाटेंत थोडा ऊस गळून पडला? दोन आंकडे न जुळणें हा दोषाचा पुरावा आहे; परंतु दोषी कोण, हें त्यावरून कळत नाहीं. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे, म्हणून वाचकांनीं हा काटा डोळ्यांपुढें ठेवावा.

संगणकाच्या पोटांत प्रोसेसर नांवाचा एक लहानसा भाग असतो, आणि सर्व आंकडेमोड तोच करतो. सर्व प्रोसेसर एका घराण्याचे नसतात. टेबलावरील संगणकांत बहुधा इंटेल कंपनीनें सुरू केलेल्या घराण्याचा प्रोसेसर असतो, तर खिशांतील मोबाइलचा प्रोसेसर बहुधा आर्म नांवाच्या घराण्याचा असतो. एकच आज्ञावली ह्या निरनिराळ्या घराण्यांवर चालावी आणि सर्वत्र एकच उत्तर यावें, अशी आपली अपेक्षा असते. म्हणून आज्ञावली लिहिणारे जाणते लोक तिच्यासोबत परीक्षेचीं छोटीं गणितें लिहून ठेवितात. त्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक असतात. आज्ञावलींत कांहीं फेरफार केला, कीं तीं सर्व गणितें प्रत्येक घराण्याच्या यंत्रावर सोडवून पाहावयाचीं. हा यंत्रयुगांतला ताळाच होय. समजा, नऊ यंत्रांवर परीक्षा उतरली आणि दहाव्यावर नापास झाली. तर दोष कोणाचा?

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक वेळां दोष यंत्राचा नसतो. तो आज्ञावली लिहिणाराच्या एखाद्या गृहीताचा असतो. मराठींत आपण "पंचवीस" म्हणतों, म्हणजे पांच आधीं आणि वीस मागून. इंग्रज मनुष्य वीस आधीं म्हणतो आणि पांच मागून. लहान मूल कधीं कधीं "पंचवीस" ऐकून ५२ लिहितें, तें ह्याचमुळें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत "पंचवीस" याबरोबर "वीस पाच" असेंहि वाचन दिलें गेलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद माजला होता, तें पालकांस आठवत असेल. प्रोसेसरांच्या घराण्यांतहि हाच भेद आहे. मोठी संख्या चार खणांत मांडावयाची असल्यास इंटेलच्या घराण्याचे प्रोसेसर धाकटा खण प्रथम मांडतात; आयबीएम कंपनीचीं मोठीं यंत्रें थोरला खण प्रथम मांडतात. एकानें मांडलेला साधा १ दुसऱ्यानें आपल्या रीतीनें वाचला, तर तो १ न राहतां १,६७,७७,२१६ होतो! येथें दोन्ही यंत्रें निर्दोष आहेत. सगळें जग आपल्यासारखेंच लिहितें असें ज्या आज्ञावलीनें धरलें, तिची ती चूक. १९८० सालीं डॅनी कोहेन नांवाच्या संगणकतज्ज्ञानें ह्या दोन पक्षांस बिग एंडियन व लिटल एंडियन अशीं नांवें दिलीं. तीं त्यानें "गलिव्हर्स ट्रॅव्हल्स" ह्या पुस्तकांतून घेतलीं. जोनाथन स्विफ्ट ह्या आयरिश धर्मोपदेशकाच्या त्या पुस्तकांत, जें १७२६ सालीं प्रसिद्ध झालें, अंडें कोणत्या टोकाकडून फोडावें एवढ्यावरून लोक लढाया करितात.

तेव्हां पहिला नियम असा, कीं उत्तर जुळलें नाहीं तर संशय प्रथम स्वतःवर घ्यावा. परंतु हा नियम पूर्णपणें पाळूनहि शेवटीं दोष यंत्राच्याच पदरीं पडला, असें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. आणि तो दोष सिद्ध करणारा मनुष्य एका लहान कॉलेजांतला गणिताचा शिक्षक होता.

इंटेल कंपनीनें मार्च १९९३ मध्यें पेंटियम नांवाचा प्रोसेसर बाजारांत आणिला. त्यांत सुमारें ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. आधींच्या ४८६ नांवाच्या प्रोसेसरापेक्षां तो पुष्कळच वेगवान होता. तो घडविणाऱ्या मंडळींचे एक पुढारी विनोद धाम हे होत. त्यांचा जन्म १९५० सालचा, आपल्या पुण्यांतला. "पेंटियमचे जनक" ह्या नांवानें ते ओळखले जातात. अशा रीतीनें ह्या यंत्राचें महाराष्ट्राशीं जन्माचें नातें आहे. मात्र असलें यंत्र शेंकडों हातांनीं घडतें. म्हणून त्याची कीर्ति एकट्याची नाहीं आणि त्यांतील चूकहि कोणा एकट्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांत लिंचबर्ग येथें १९०३ सालीं एका ख्रिस्ती मंडळीच्या आश्रयानें स्थापन झालेलें एक कॉलेज आहे. तेथें थॉमस नाइसली हे गणित शिकवीत. त्यांचा आवडता विषय जोडमूळ संख्या. ३ व ५, ५ व ७, ११ व १३, १७ व १९ अशा, दोहोंच्या अंतरानें येणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्या आपण सहावींत शिकलों आहों. ह्या सर्व संख्यांचे व्यस्त घेऊन त्यांची बेरीज करीत गेलें, म्हणजे एकतृतीयांश अधिक एकपंचमांश, पुन्हां एकपंचमांश अधिक एकसप्तमांश असें चालविलें, तर ती बेरीज वाटेल तितकी वाढत नाहीं. एका ठराविक मर्यादेकडे जाते. हें नॉर्वे देशाचे गणिती व्हिगो ब्रुन यांनीं १९१९ सालीं सिद्ध केलें. ती मर्यादा १.९०२ च्या आसपास आहे. ती अधिक सूक्ष्मपणें काढावी, ह्या हेतूनें नाइसली यांनीं कित्येक संगणक कामास लाविले होते. ह्या गणितानें कोणाच्या ताटांत भाकरी पडणार नव्हती. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत, देवळालीच्या शाळेंत शिकविणारे द. रा. कापरेकर यांनीं ६१७४ ह्या संख्येचा चमत्कारिक गुण शोधिला, तोहि असाच निव्वळ कुतूहलापोटीं. परंतु निरुपयोगी वाटणाऱ्या कुतूहलाचा उपयोग कोठें होईल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

मार्च १९९४ मध्यें नाइसली यांनीं आपल्या जुन्या यंत्रांच्या जोडीस एक पेंटियम आणिला. जून महिन्यांत त्यांस आपल्या उत्तरांत विसंगति दिसूं लागली. त्यांचा स्वभाव ताळा पाहण्याचा नसता, तर उत्तरें तशींच छापलीं गेलीं असतीं आणि कोणास कांहीं कळलें नसतें. त्यांनीं यंत्रास लगेच दोष दिला नाहीं. प्रथम त्यांनीं स्वतःची आज्ञावली तपासली. मग कंपायलर तपासला. कारण माणसानें लिहिलेल्या आज्ञावलीचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा तो दुभाषी, आणि दुभाषी चुकला तर साक्षीदार निरपराध असूनहि खोटा ठरतो. मग प्रोसेसरास जोडलेले इतर भाग तपासले. ह्या कामांत चार महिने गेले. दुसरी कोणतीहि संभवनीय बाजू उरली नाहीं, अशी खात्री त्यांस १९ ऑक्टोबर १९९४ रोजीं झाली.

ह्या शोधाची रीति विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी, कारण ती शाळेच्या प्रयोगशाळेंतहि चालते आणि सायकलच्या दुरुस्तींतहि चालते. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. बाकी सर्व तशाच ठेवावयाच्या. तीच आज्ञावली ४८६ यंत्रांवर चालविली: उत्तर बरोबर. निरनिराळ्या कारखानदारांनीं बांधलेल्या पांच पेंटियम यंत्रांवर तेंच गणित करून पाहिलें: पांचहि ठिकाणीं उत्तर चूक. पेंटियमच्या आंत अपूर्णांकांची आंकडेमोड करणारा जो विशेष भाग आहे, तो बंद करून तेंच गणित साध्या, लांबच्या वाटेनें करविलें: उत्तर पुन्हां बरोबर, मात्र वेळ सुमारें दसपट. आतां दोष कोठें आहे हें बोटानें दाखवितां येत होतें. बांधणी करणारा बदलला तरी चूक राहते, म्हणून ती बांधणींतली नव्हे. प्रोसेसर बदलला कीं जाते, म्हणून ती प्रोसेसरांतली. त्यांतलाहि एक भाग बंद केला कीं जाते, म्हणून ती त्या भागांतली.

आणि एवढ्या अफाट बेरजेंतून चूक ज्या जोडीवर येऊन ठेपली ती जोडी ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ ही होती. नाइसली यांनीं ह्यांतील पहिल्या संख्येचा व्यस्त काढून त्यास पुन्हां त्याच संख्येनें गुणिलें. आपल्या चौथीच्या मुलासहि ठाऊक आहे, कीं उत्तर १ आलें पाहिजे. पेंटियमनें दिलें ०.९९९९९९९९६२७४७०९७०२. म्हणजे जगांतील अत्यंत पुढारलेल्या यंत्राचा दोष ज्यानें उघडकीस आणिला, तो प्राथमिक शाळेंतलाच भागाकाराचा ताळा होता.

२४ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं कंपनीस ही गोष्ट कळविली. ३० तारखेस ओळखीच्या कांहीं जणांस ई-मेल लिहून, पडताळून पाहतां येईल अशी संख्याहि कळविली. थोड्याच दिवसांत ती बातमी जगभर पसरली, आणि ठिकठिकाणचे लोक आपापल्या यंत्रांवर ताळा पाहूं लागले. कॅलिफोर्नियांतील टिम को नांवाच्या अभियंत्यानें तर चुकीच्या उत्तरांवरूनच यंत्राच्या आंतील रीतीचा अंदाज बांधिला आणि चूक अत्यंत ठळक दिसेल अशा दोन संख्या काढून दाखविल्या: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७.

आतां यंत्राच्या आंत काय घडत होतें तें पाहूं. आपण हातानें मोठा भागाकार करितों तेव्हां सर्व अंक एकदम विचारांत घेत नाहीं. भाज्याचे आणि भाजकाचे पहिले एक-दोन अंक पाहून "कितीचा भाग जाईल" हा अंदाज करितों, आणि अंदाज चुकला तर खोडून दुसरा घेतों. यंत्रास खोडाखोडींत वेळ घालवावयाचा नसतो. म्हणून पेंटियमच्या अंगीं एक कोष्टक कोरून ठेविलें होतें. बाकीचे आणि भाजकाचे पुढचे थोडे अंक पाहावयाचे, कोष्टकांतील त्या घरीं जावयाचें, आणि तेथें उणे दोन, उणे एक, शून्य, एक किंवा दोन यांपैकीं जो अंक असेल तो भागाकारांत घ्यावयाचा. उणे अंक कशास, असें कोणी विचारील. दुकानदार सुट्या पैशांची अडचण पडली तर थोडे जास्त घेतो आणि पुढच्या खेपेस तितके वळते करितो, तसेंच हें. अंदाज किंचित् जास्त झाला, तर पुढच्या पायरीस उणा अंक घेऊन भरपाई करतां येते. ह्या युक्तीनें पेंटियम प्रत्येक पायरीस द्विमान पद्धतीचे दोन अंक काढी. त्याच्या वेगाचें एक कारण तें होतें.

ह्या कोष्टकांत २०४८ घरें होतीं, त्यांपैकीं १०६६ उपयोगाचीं. त्यांतील पांच घरांत दोन हा अंक असावयास पाहिजे होता, तेथें शून्य राहून गेलें. एखाद्या मुलास सतराचा पाढा उत्तम येतो. परंतु "सतरा नवे" येथें आला, कीं तो एकशें त्रेपन्नाच्या जागीं कांहींच न बोलतां पुढें जातो, अशी कल्पना करा. त्याची परीक्षा घेणारानें नेमका सतरा नवेच विचारला नाहीं, तर तो मुलगा पैकीच्या पैकी गुण घेऊन उत्तीर्ण होईल. पेंटियमचें तसेंच झालें. शिवाय किंचित् चुकीच्या अंदाजाची भरपाई पुढें होऊं शकत असली, तरी दोनाच्या जागीं शून्य ही तूट भरून निघण्यापलीकडची होती.

त्या पांच घरांची वाटहि आडवळणाची होती. संगणक संख्या केवळ ० आणि १ ह्या दोन अंकांनीं लिहितो. भाजकाचा आरंभ ठराविक पांच प्रकारांपैकीं एका प्रकारचा असावा, आणि त्यामागें निदान सहा वेळां लागोपाठ १ यावा, तरच गणित त्या रिकाम्या घरापर्यंत पोहोंचूं शके. ३१४५७२७ ही संख्या दोनाच्या विसाव्या घाताच्या तिपटीहून बरोबर एकानें कमी आहे. ती द्विमान पद्धतींत लिहिली, तर प्रथम १, मग ०, आणि त्यापुढें ओळीनें वीस वेळां १ येतो. विद्यार्थ्यांनीं हें वहींत लिहून पाहावें. नाइसली यांची ८२४६३३७०२४४१ ही संख्या दोनाच्या अडतिसाव्या घाताच्या तिपटीहून अवघ्या १८३९१ नें कमी. म्हणून तिचाहि आरंभ १, ० आणि मग एकांची लांब रांग, असाच होतो. वरवर पाहतां ज्यांचा एकमेकींशीं संबंध नाहीं अशा ह्या दोन संख्या एकाच घराण्याच्या निघाल्या.

आतां टिम को यांच्या उदाहरणाचा ताळा आपण स्वतः पाहूं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागिलें असतां खरें उत्तर १.३३३८२०४४९… असें येतें. पेंटियमनें दिलेलें उत्तर १.३३३७३९०६८… असें होतें. दोन्ही उत्तरें दशांश चिन्हापुढें सहा स्थळांपर्यंत घेऊन ३१४५७२७ नें गुणावीं. पहिल्याचा गुणाकार ४१९५८३३ व थोडा अपूर्णांक इतका येतो. म्हणजे पुढचीं स्थळें सोडल्यानें पडलेली किरकोळ तूट वजा जातां तो भाज्याशीं जुळतो. दुसऱ्याचा गुणाकार मात्र ४१९५५७८ व कांहीं अपूर्णांक इतकाच भरतो. सर्व स्थळें घेऊन गुणिलें, तर दोहोंतील अंतर २५६ येतें. पैशांत बोलावयाचें तर ४१,९५,८३५ रुपयांच्या हिशेबांत २५६ रुपये नाहींसे झाले, आणि हिशेब लिहिणारास त्याचा पत्ताहि लागला नाहीं.

येथपर्यंत गणिताची गोष्ट झाली, आतां नीतीची. कंपनीच्या स्वतःच्या तपासणींतहि हा दोष १९९४ च्या मध्यास आढळला होता. परंतु तो क्षुल्लक समजून जाहीर करण्यांत आला नाहीं. बोभाटा झाल्यावर कंपनीनें सांगितलें, कीं वाटेल त्या संख्या घेऊन भागाकार केले तर नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकेल. साधारण मनुष्यास अशी चूक २७,००० वर्षांत एकदां भेटेल. ज्यांस अत्यंत सूक्ष्म गणित करावें लागतें असें दाखवितां येईल, त्यांसच प्रोसेसर बदलून मिळूं लागला. उलट, आयबीएम कंपनीनें असा अंदाज प्रसिद्ध केला, कीं रोज थोडा वेळ हिशेब करणारासहि ही चूक २४ दिवसांत एकदां भेटूं शकेल. आणि १२ डिसेंबर रोजीं तिनें पेंटियमचे संगणक पाठविणें थांबविलें. दोन अंदाजांत एवढें अंतर कां, तर मनुष्य ज्या संख्या हिशेबांत घेतो त्या वाटेल तशा चिठ्ठ्या टाकून काढलेल्या नसतात. त्यामुळें कोणत्या संख्या धरल्या त्यावर उत्तर अवलंबून राहतें. अखेरीस २० डिसेंबर १९९४ रोजीं इंटेलनें लोकांची क्षमा मागितली आणि मागेल त्यास प्रोसेसर विनामूल्य बदलून देण्याचें कबूल केलें. त्यापायीं ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांचा बोजा कंपनीनें जानेवारी १९९५ मध्यें आपल्या हिशेबांत दाखविला.

ह्यांत कंपनीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. उशिरां कां होईना, तिनें चूक पदरांत घेतली. परंतु "चूक लहान आहे, म्हणून सांगावयास नको" हा विचार आपणां सर्वांच्या मनांत केव्हां ना केव्हां येतो, आणि तो किती महाग पडतो हें ह्यावरून दिसतें. काटा पावशेरानें खोटा असला तरी तो खोटाच. ज्याची गाडी त्यावर चढली, त्याच्या दृष्टीनें चूक नऊ अब्जांत एक नसते. ती एकांत एक असते. खोट्या वजनांचा परमेश्वरास तिटकारा आहे, ही नीतिसूत्रांची शिकवण आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. ती तागडीस जितकी लागू, तितकीच प्रोसेसरासहि लागू आहे.

ह्या प्रकरणाचा पुढें चांगलाहि परिणाम झाला. नुसतीं निवडक उदाहरणें सोडवून यंत्राची परीक्षा पुरी होत नाहीं, ही गोष्ट कारखानदारांच्या मनावर ठसली. एएमडी कंपनीच्या के-५ नांवाच्या प्रोसेसराची भागाकाराची रीति १९९५ सालीं गणिती सिद्धतेनें तपासली गेली. म्हणजे भूमितींत आपण एखादें प्रमेय सर्व त्रिकोणांविषयीं सिद्ध करितों, तसा तो भागाकार सर्व संख्यांविषयीं बरोबर येतो असें सिद्ध करण्यांत आलें. शंभर त्रिकोण मोजून पाहणें आणि प्रमेय सिद्ध करणें यांत काय अंतर आहे, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्याहून उत्तम उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. यंत्र चुकतें काय? क्वचित् चुकतें, कारण तें माणसानें घडविलेलें आहे. चूक कशी ओळखावी? त्याच यंत्रास पुन्हां पुन्हां विचारून नव्हे, तर उलट गणित करून, किंवा दुसऱ्या घराण्याच्या यंत्रावर तेंच गणित घालून. ओळखल्यावर काय करावें? प्रथम स्वतःस तपासावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, घाई करूं नये. आणि सर्व बाजू तपासून झाल्यावर जें खरें दिसेल तें, समोर केवढीहि मोठी कंपनी असो, नम्रपणें पण स्पष्ट सांगावें. नाइसली यांनीं चार महिने तोंड बंद ठेविलें, ही त्यांची सावधगिरी. आणि खात्री पटल्यावर तें उघडलें, हें त्यांचें धैर्य. दोहोंपैकीं एकच असतें, तर तें गणित पुरें झालें नसतें.

१८४२ सालीं ज्या शहरांत "ज्ञानोदय" पत्र निघालें, आणि जेथें धर्माचे व शास्त्राचे लेख एकाच पत्रांत शेजारींशेजारीं छापले गेले, त्या शहरांतील विद्यार्थ्यांस ताळा पाहणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे, हें फोड करून सांगण्याचें कारण पडूं नये. ताळा हा सत्याविषयींचा आदर आहे.

असो. लेख वाचून झाल्यावर प्रत्येकानें एक काम करावें. घरांतील मोबाइलवर ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागावें. शाळेच्या संगणकावर तोच भागाकार करावा. दोन्ही उत्तरें वहींत एकाखालीं एक लिहावीं, आणि खालीं हातानें ताळा मांडावा. आजचीं यंत्रें बरोबर उत्तर देतील, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि वही आमच्याकडे आणून दाखवितांना, "यंत्रानें सांगितलें म्हणून" असें कोणीं म्हणूं नये; "आम्हीं ताळा पाहिला" असें म्हणावें.